लीव्ह

ग्लासगोत, गोव्हनहिलच्या वाचनालयात, वरच्या मजल्यावर
दर मंगळवारी दोन ते चार बायकांना इंग्रजी शिकवतात.
चहा फुकट. बिस्किटं ज्याची त्यानं आणायची.
मोरॅगबाईंनी फळ्यावर लिहिलं : लीव्ह.
म्हणाल्या, आज सोपा घेऊ.

मी दुभाषी. इकडचं तिकडे न्यायचं,
वाटेत सांडू द्यायचं नाही, एवढंच माझं काम.
मी उर्दूत सांगितलं : जाना.
अकरा वह्यांत अकरा जणींनी लिहिलं, जाना.

रुबाबचा हात वर.
'बसमध्ये माझी छत्री लीव्ह झाली. ती कुठं गेली?'
कुठंच नाही गं. तू गेलीस, छत्री राहिली.
तिथं म्हणायचं छोडना.
'म्हणजे जाणाऱ्यालाही हाच शब्द, राहिलेल्यालाही?'
मी मोरॅगबाईंकडे पाहिलं. त्या चहा ढवळत होत्या.

मग धरण फुटावं तसं झालं.
हिचा नवरा बेकरीत, त्याची लीव्ह मार्चअखेर बुडते : छुट्टी.
तिचा सासरा वारला, मागे एक टॅक्सी आणि तीन भांडणं
लीव्ह करून गेला : तरका.
चहाच्या डब्यावर लीव्ह्ज : पत्ती. तो शब्द वेगळा,
पण तोंडवळा इतका सारखा की सगळ्यांनी घरातच घेतला.
कुणीतरी विचारलं, आणि मुलीची रुखसती?
मोरॅगबाईंनी बराच विचार केला.
म्हणाल्या, आमच्यात नुसती गाडी येते.

मुबारका बीबी शेवटच्या खुर्चीत. चिनिओटची.
चार मंगळवारांत तोंडातून शब्द नाही.
आज मांडीवर पिशवी, पिशवीत पाकीट,
पाकीट एका बाजूनं हातांच्या घामानं मऊ पडलेलं.
बारा दिवस तिनं ते कुणाला दाखवलं नव्हतं.
सबंध कागदात तिला एकच शब्द वाचता आला होता,
आणि आज तोच फळ्यावर.
दूधवाल्याला नाही सांगितलं होतं. पडदे धुऊन घडी करून ठेवले होते.
शेजारच्या आयोनाला कुकर देऊन टाकला होता,
तिला बिचारीला कळेना त्यात काय करायचं.

मी कागद उघडला. लीव्ह टु रिमेन.
दोनदा वाचला. भीतीनं नाही, सवयीनं.
'जा म्हणतात ना?' ती म्हणाली.
नाही. इथं ह्याचा अर्थ इजाजत. राहायची.
अडीच वर्षांची. मग पुन्हा अर्ज, पुन्हा पैसे.

ती माझ्याकडे बघत राहिली.
'इजाजत तर उठताना मागतात.
जोडे शोधत, दुपट्टा सावरत.
मग घरवाली म्हणते, बसा की, आत्ता तर आलात.
आणि आपण पुन्हा बसतो.'
हो, मी म्हणाले. इथं बसायलाच मागावी लागते.
हे भाषांतर नव्हतं. मोरॅगबाईंना मी ते सांगितलं नाही.

रुबाब टाळ्या वाजवू लागली, मग सगळ्याच.
मुबारका बीबीनं फक्त पाकीट उलटं केलं, आत अजून काही आहे का बघायला,
आणि वही काढली.
जानाच्या खाली छोडना, छोडनाखाली छुट्टी,
त्याखाली हळूहळू, उजवीकडून डावीकडे, इजाजत.
वरचं काहीच खोडलं नाही.

चार वाजले. निघताना बाईंनी फळ्याच्या कोपऱ्यात
चौकट काढून लिहिलं : प्लीज लीव्ह.
ती दारातून परत फिरली. 'आता हे कुणाला?'
सफाईवाल्याला.
'त्यालाही?'
नाही हो. पुसू नकोस म्हणून. असू दे, म्हणून.

असू दे, असं ती दोनदा म्हणाली, स्वतःशीच,
पंजाबीत, त्यामुळे मला काही करावं लागलं नाही.
मग अर्ध्या जिन्यावर थांबून तिनं वर पाहून विचारलं :
दिलेला कुकर परत मागायचं वाक्य इंग्रजीत कसं करतात,
वाईट न वाटता?

त्याला वेळ लागेल, मी म्हणाले. पुढच्या मंगळवारी.